सिंथेसिस समजून घ्यायचंय: सुरुवात सबट्रॅक्टिव्हपासून करू की एफएमपासून?

कोमलरिषभ
नमस्कार मंडळी. संगणकावर संगीत करायला लागून बरेच दिवस झाले. ठेका, बेसलाइन, एकूण मांडणी इथपर्यंत गाडी नीट येते. अडतं ते आवाज घडवताना, म्हणजे सिंथेसिसमध्ये. प्रीसेट उघडायचा, नॉब फिरवत बसायचं, मध्येच काहीतरी छान सापडतं. पण अमुकच आवाज हवाय असं ठरवून तिथवर पोचता येत नाही. वाचायला घेतलं तर सबट्रॅक्टिव्ह, अ‍ॅडिटिव्ह, एफएम (फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन), वेव्हटेबल, ग्रॅन्युलर, फिजिकल मॉडेलिंग अशी नावांची रांग लागते, आणि जो तो आपलीच पद्धत आधी शिका म्हणतो.

नेमकं उदाहरण देतो. सध्या मला असा आवाज हवाय: सुरुवातीला घंटेसारखा ठण्ण वाजावा, मग धातूची ती चमक ओसरत जाऊन खाली एक मऊ, लांबलेला, किंचित हलता स्वर उरावा. यासाठी कोणती पद्धत धरू? आणि शिकायचा क्रम काय असावा? व्हायटल, सर्ज एक्सटी आणि डेक्स्ड ही तिन्ही फुकट सॉफ्टवेअर उतरवून ठेवली आहेत.

षड्जपंचम
डोळे झाकून सबट्रॅक्टिव्ह. १९७० च्या मिनीमूगपासून आजच्या सॉफ्टवेअरपर्यंत निम्म्याहून जास्त यंत्रांची रचना एकच आहे: ऑसिलेटर (मूळ तरंग देणारा), पुढे फिल्टर, पुढे अ‍ॅम्प्लिफायर, आणि या सगळ्यांना हलवणारे एन्व्हलप (एका स्वरातला चढउतार) व एलएफओ (संथ हेलकावा). ही वाट एकदा डोक्यात बसली की नवीन सिंथ समोर आला तरी गोंधळ होत नाही.

सर्जमध्ये कोरा पॅच घ्या. सॉटूथ (करवतीच्या दातांसारखा तरंग) लावा. सॉटूथमध्ये मूळ स्वराचे सगळे हार्मोनिक असतात, दुसरा निम्म्या ताकदीचा, तिसरा एक तृतीयांश, असे उतरत जाणारे. स्क्वेअरमध्ये फक्त विषम हार्मोनिक, म्हणून तो पोकळ लागतो. ट्रँगलमध्येही विषमच, पण तिसऱ्याची ताकद एक नवमांश आणि पाचव्याची एक पंचविसांश, म्हणून तो जवळजवळ साइनसारखा मऊ. हे तिन्ही आलटून पालटून ऐका. मग लो-पास फिल्टर (फक्त खालचे घटक जाऊ देणारा) लावून त्याची कापायची जागा, म्हणजे कटऑफ, अगदी सावकाश खाली आणा. एकेक हार्मोनिक गळताना ऐकू यायला हवा. रेझोनन्स वाढवून हेच पुन्हा करा, म्हणजे कटऑफ ज्या हार्मोनिकवरून जातो तो शिट्टीसारखा वर उठतो. कानाची यापेक्षा चांगली तालीम मला माहीत नाही.

एन्व्हलपबद्दल एक गोष्ट आताच पक्की करा. अटॅक (चढण), डीके (नंतरचा उतार), रिलीज (कळ सोडल्यावरचं विरणं) हे तीन वेळ आहेत. सस्टेन हा वेळ नाही, ती पातळी आहे. सस्टेन शून्य ठेवला तर कळ कितीही दाबून धरा, डीके संपला की आवाज संपतो. घंटा, तारा, तालवाद्यं सगळी अशीच वाजतात.

मंद्रा
वाचतेय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

विद्युल्लता
@षड्जपंचम, सॉटूथ-स्क्वेअरचं वर्णन आवडलं, पण तुम्ही "हार्मोनिक" (मूळ वारंवारतेच्या पूर्ण पटीतला घटक) हा शब्द गृहीत धरून पुढे गेलात. सगळी मेख तिथेच आहे. माझ्या मते पहिला आठवडा अ‍ॅडिटिव्हला द्यावा. पुढे अ‍ॅडिटिव्ह वापरा किंवा नका वापरू, स्वर कशाचा बनलाय हे एकदा हाताने रचून बघायला हवं.

११० हर्ट्झची साइन घ्या. वर २२० ची निम्म्या ताकदीने, ३३० ची एक तृतीयांशाने, ४४० ची एक चतुर्थांशाने चढवा. आठ-दहा थर झाले की सॉटूथचा करकरीतपणा यायला लागतो. आता ११० ची मूळची साइन बंद करा. स्वर तरीही ११० चाच ऐकू येतो! वरच्या हार्मोनिकांमधल्या अंतरावरून मेंदू पाया भरून काढतो. छोट्या स्पीकरवर बेस कळतो तो यामुळेच. बेसचा आवाज घडवताना खालचा भाग नुसता फुगवत बसण्याऐवजी वरचे दोनतीन हार्मोनिक स्पष्ट ठेवले तर काम होतं, हे मला या प्रयोगातून उमगलं.

आणखी एक: त्यातल्या एखाद्या साइनची फेज (आवर्तन कुठून सुरू होतं ती जागा) बदलून बघा. पडद्यावरचा तरंगाचा आकार पार बदलतो, कानाला मात्र फरक जवळजवळ शून्य. त्यामुळे आवाज जुळवताना तरंगाच्या आकृतीपेक्षा स्पेक्ट्रम बघा. हॅमंड ऑर्गनमध्ये नऊ ड्रॉबार होते, प्रत्येक ड्रॉबार म्हणजे एका पट्टीचा थर. १९३५ च्या त्या यंत्रात हीच कल्पना आहे.

तिरकीट
दोघांचंही पटतंय, पण धागाकर्त्यांना घंटा हवी आहे! घंटेचे घटक मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात. सॉटूथमध्ये जे नाहीच ते फिल्टरने आणणार कुठून? अ‍ॅडिटिव्हने जमेल, पण प्रत्येक घटकाला वेगळा एन्व्हलप देत बसावं लागेल. हे एफएमचं घरचं मैदान आहे.

स्टॅनफर्डमध्ये जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये हे सापडलं, १९७३ मध्ये त्यांचा लेख आला आणि १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७. कल्पना अशी: एका साइनने (मॉड्युलेटर) दुसऱ्या साइनची (कॅरियर) वारंवारता भराभर वरखाली करायची. सेकंदाला पाच वेळा केलं तर व्हायब्रॅटो ऐकू येतो. तोच वेग शेकडो हर्ट्झवर नेला की कान डोलणं पकडू शकत नाही, त्याऐवजी कॅरियरच्या दोन्ही बाजूंना नवे घटक ऐकू येतात. त्यांचं गणित सोपं आहे: कॅरियर अधिक-वजा मॉड्युलेटरच्या पटी. शून्याच्या खाली गेलेले घटक उलटून वर येतात.

दोन गोष्टी हातात धरायच्या. कॅरियर-मॉड्युलेटरचं गुणोत्तर ठरवतं घटक *कुठे* पडणार, इंडेक्स (मॉड्युलेशनचा जोर) ठरवतो *किती* उमटणार. १:१ ला सगळे हार्मोनिक मिळतात. मॉड्युलेटर दुप्पट ठेवला, म्हणजे १:२, की फक्त विषम राहतात आणि क्लॅरिनेटच्या जवळचं काहीतरी येतं. आणि १:१.४ सारखं पूर्णांकात न बसणारं गुणोत्तर ठेवलं की धातू.

षड्जपंचम
@तिरकीट, सिद्धान्ताला आक्षेप नाही. पण नवीन माणसाच्या हातात डीएक्स७ चे सहा ऑपरेटर (कॅरियर किंवा मॉड्युलेटर होणाऱ्या साइन) आणि ३२ अल्गोरिदम (त्यांच्या जोडण्या) द्यायचे? फिल्टरचा नॉब थोडा फिरवला तर आवाज थोडा बदलतो. एफएममध्ये गुणोत्तर जरा सरकलं की आख्खा आवाज दुसऱ्याच मुलखात. "ठरवून पोचता येत नाही" ही मूळ तक्रार आहे, ती एफएमने वाढेल.

तिरकीट
म्हणून तर दोनच ऑपरेटर चालू ठेवायचे, बाकीचे चार बंद. गुणोत्तर पूर्णांकात बांधून ठेवायचं आणि फक्त मॉड्युलेटरची पातळी हलवायची. पातळी वाढली की आवाज उजळतो, कमी झाली की मंदावतो. तुमचा कटऑफ करतो तेच काम, दुसऱ्या टोकाने. तुम्ही भरलेल्या ताटातून काढता, मी रिकाम्या ताटात वाढतो.

पखवाजी
डीएक्स७ चे प्रीसेट इतके गाजले कारण ती सपाट बटणं आणि तो चिमुकला पडदा बघून आवाज घडवायला बसायची कुणाची छातीच होत नव्हती :)

तालवाद्यांबद्दल कुणी काहीच बोललं नाही म्हणून भर घालतो. किकसाठी एक साइन पुरते: वारंवारता सुमारे २०० हर्ट्झवरून ५० वर तीसचाळीस मिलिसेकंदांत उतरवा आणि आवाजाचा डीके लांब ठेवा. सगळा ठोसा त्या उताराच्या वळणात आहे. उतार सरळ रेषेत असेल तर "प्यू" असा लेझरछाप आवाज येतो, आधी वेगाने आणि मग हळू असा वळणदार असेल तर "धप्प".

१९८० च्या टीआर-८०८ मध्ये हाय-हॅट आणि सिंबलसाठी एकमेकांशी न जुळणारे सहा स्क्वेअर ऑसिलेटर एकत्र करून वरच्या पट्टीचा फिल्टर लावला होता. काऊबेलला त्यातलेच दोन. म्हणजे षड्जपंचम, सबट्रॅक्टिव्हनेही धातू वाजवता येतो, फक्त सुरुवातीचं मिश्रण बेसुर हवं!

षड्जपंचम
हे मान्य. रिंग मॉड्युलेशनही सांगायला हवं होतं. ३०० आणि २०० हर्ट्झच्या दोन साइन एकमेकींनी गुणल्या की ५०० आणि १०० मिळतात, मूळच्या दोन्ही गायब. दोन गुंतागुंतीचे तरंग गुणले तर घंटा, पत्रा, झांज यांच्या आसपासचं बरंच काही निघतं. सर्जमध्ये ऑसिलेटरच्या मिक्सरमध्येच ही सोय आहे.

अनाहत
एक वेडा प्रश्न. मी स्वतः सॉटूथचा कोड लिहिला, खालच्या स्वरांना झकास वाजतो. पण वरच्या पट्टीत गेलं की मागून कुणीतरी बेसुरं गातंय असं वाटतं. स्वर वर चढवला की मागचा आवाज खाली उतरतो. हे काय?

शून्यकंप
@अनाहत, अगदी बरोबर ऐकलंत. त्याला अलायझिंग म्हणतात. सेकंदाला ४४,१०० नमुने घेत असाल तर २२,०५० हर्ट्झच्या वरचं काही साठवता येत नाही. गणिती सॉटूथचे हार्मोनिक मात्र थांबत नाहीत, मग जे वर जातात ते आरशातून परतावे तसे खाली येतात.

२,००० हर्ट्झचा सॉटूथ धरा. अकरावा हार्मोनिक २२,०००, म्हणजे जेमतेम आत. बारावा २४,०००, तो परतून २०,१०० ला पडतो. पंधरावा १४,१०० ला. विसावा ४,१०० ला. आणि बाविसावा, जो ४४,००० वर असायला हवा होता, तो थेट १०० हर्ट्झवर! मूळ स्वराच्याही खाली. स्वर किंचित चढवला की बाविसावा हार्मोनिक बावीसपट चढतो आणि परतलेली सावली तितकीच खाली घसरते. म्हणून तुम्हाला उलटी हालचाल ऐकू येते.

उपाय दोन. एकतर तरंगातली ती अचानक उडी गुळगुळीत करा (पॉलिब्लेप नावाची रीत शोधा, कोड आठदहा ओळींचा आहे), नाहीतर चारपट-आठपट वेगाने तरंग घडवा, वरचं फिल्टरने कापा आणि मग खाली आणा. एफएमलाही हा धोका आहे: वरच्या स्वरांना इंडेक्स मोठा ठेवला की बाजूचे घटक छताला आपटून परततात.

अनाहत
शून्यकंप, शतशः धन्यवाद. पॉलिब्लेप घातलं, मागचं गाणं थांबलं.

मंद्रा
अ‍ॅनालॉग सिंथ चांगले वाजतात असं म्हणतात ते यामुळेच का?

शून्यकंप
सुरुवातीच्या डिजिटल यंत्रांबाबत तो एक भाग होता. आता चांगल्या सॉफ्टवेअरमध्ये अलायझिंग ऐकू येणार नाही इतकं कमी असतं. अ‍ॅनालॉगमध्ये ऑसिलेटर किंचित सरकत राहतात, फिल्टर जोरात ढकलला की सौम्य विकृती देतो, ही गंमत खरी आहे. पण शिकण्याच्या आड ते येत नाही. हा वाद इथे सुरू झाला तर दोनशे प्रतिसाद होतील आणि घंटा वाजायची राहील.

निमिषार्ध
वेव्हटेबल आणि ग्रॅन्युलर राहिलंय, थोडक्यात सांगते.

वेव्हटेबल: एकाच आवर्तनाचे अनेक तरंग एका माळेत ठेवलेले असतात आणि वाजताना आपण माळेवरून पुढेमागे सरकतो. जर्मनीच्या वोल्फगांग पाम यांनी पीपीजीच्या यंत्रांतून हे रुळवलं. व्हायटलमध्ये प्रत्येक तरंग २,०४८ नमुन्यांचा असतो. सुंदर टेबल निवडून जागा एकाच ठिकाणी ठेवली तर ते काही वेगळं वाजत नाही, साधा ऑसिलेटरच होतो. जीव सरकण्यात आहे. त्या नॉबला एन्व्हलप किंवा संथ एलएफओ जोडल्याशिवाय वेव्हटेबलबद्दल मत बनवू नका.

ग्रॅन्युलर माझं सगळ्यात लाडकं. कुठलंही ध्वनिमुद्रण घ्यायचं आणि १ ते १०० मिलिसेकंदांच्या कणांत मोडायचं. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गॅबर यांनी १९४७ मध्ये ध्वनीचे असे कण मानता येतील असं मांडलं होतं, संगीतकार यानिस झेनाकिस यांनी ते संगीतात आणलं. कण मोजक्या वेगाने आले तर वेगवेगळे टपटपतात. सेकंदाला वीसतीसच्या पुढे गेले की सलग पोत होतो. अगदी ठरावीक अंतराने सेकंदाला शंभर सोडले तर १०० हर्ट्झचा स्वर ऐकू येतो, मग आतलं ध्वनिमुद्रण काहीही असो. ताल आणि स्वर यांच्यामधली भिंत अशी कानादेखत विरघळताना ऐकणं हा फार मोठा आनंद आहे. प्रत्येक कणाची सुरुवात आणि शेवट मात्र मऊ हवा, नाहीतर नुसती कडकड ऐकू येते.

विद्युल्लता
+१. शेवटचा प्रयोग सर्वांनी करावाच.

खर्ज
अवांतर: मला तंबोऱ्याचा आवाज घडवायचाय. सॅम्पल नको, घडवलेलाच हवा.

शून्यकंप
@खर्ज, फिजिकल मॉडेलिंगकडे या. केव्हिन कारप्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांची १९८३ ची रीत इतकी छोटी आहे की कागदावर मावते: एका छोट्या रांगेत नुसता खरखराट भरा, ती गोल गोल वाजवा, आणि प्रत्येक फेरीत शेजारच्या दोन नमुन्यांची सरासरी काढून परत ठेवा. बस्स, तार वाजते! सरासरी काढताना वरचे हार्मोनिक आधी मरतात, खऱ्या तारेतही तेच होतं.

सुराची भानगड मात्र लक्षात ठेवा. वारंवारता म्हणजे नमुन्यांचा वेग भागिले (रांगेची लांबी अधिक अर्धा). ४४,१०० ला १०० नमुन्यांची रांग ४३८.८ हर्ट्झ देते, ९९ ची ४४३.२ देते. ४४० मध्ये कुठेच नाही! वरच्या पट्टीत ही दरी आणखी रुंदावते. त्यासाठी रांगेत अपूर्णांकाइतका उशीर घालणारा ऑल-पास फिल्टर लावतात.

पण यातून साधी छेडलेली तार मिळेल. जवारी मिळणार नाही. तंबोऱ्यात तार घोडीच्या पसरट माथ्याला सतत टेकत-सुटत असते, त्यामुळे ऊर्जा पुन्हा पुन्हा वरच्या हार्मोनिकांत जाते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच नोंदवलंय की तार ज्या जागी छेडली तिथे एरवी जे हार्मोनिक उमटायलाच नकोत, तेही या वाद्यांत जोरात ऐकू येतात. ते हवं तर तारेची लांबी तिच्या हेलकाव्यानुसार क्षणोक्षणी किंचित बदलत ठेवावी लागेल.

खर्ज
क्या बात! लागतो कामाला. वेगळा धागा काढतो.

तिरकीट
चला, आता घंटेकडे. @कोमलरिषभ, डेक्स्ड (डीएक्स७ चीच सॉफ्टवेअर नक्कल) उघडा. अल्गोरिदम ५ घ्या, त्यात दोनदोनच्या तीन जोड्या असतात. फक्त ऑपरेटर १ आणि २ चालू ठेवा. १ चं गुणोत्तर १.००, २ चं १.४०. चाउनिंग यांच्या लेखातली घंटा हीच: कॅरियर २०० हर्ट्झ, मॉड्युलेटर २८०, इंडेक्स १० वरून शून्यापर्यंत उतरता, एकूण लांबी १५ सेकंद. घटक मोजून बघा: २००, ४८०, ७६०, आणि उलटून आलेले ८०, ३६०, ६४०. बाकीचा एकही घटक २०० च्या पूर्ण पटीत नाही, म्हणून धातू.

दोन्ही ऑपरेटरना सस्टेन नको. उतार वेगाने सुरू होऊन पुढे संथ होत जाणारा ठेवा. मॉड्युलेटर कॅरियरच्या आधी संपू द्या. इंडेक्स शून्याकडे गेला की उरते नुसती साइन, म्हणजे तुमची "चमक ओसरणं" आपोआप घडतं.

षड्जपंचम
आणि खालचा मऊ स्वर माझ्याकडून. सर्जमध्ये दोन ट्रँगल, एकमेकांपासून किंचित सरकवलेले, वर लो-पास, अटॅक दीडदोन सेकंदांचा. घंटा ओसरते तेव्हाच हा वर यायला हवा. ४४० आणि ४४२ एकत्र वाजले तर सेकंदाला दोन हेलकावे येतात, तोच तुमचा "किंचित हलता". एक काळजी घ्या: सरकवणं सेंटमध्ये (अर्धस्वराच्या शंभराव्या भागात) केलं तर दर सप्तकाला हेलकाव्याचा वेग दुप्पट होतो. ४४० ला दोन असतील तर ८८० ला चार आणि ११० ला अर्धा. सगळीकडे सारखी संथ हालचाल हवी असेल तर सरकवणं हर्ट्झमध्ये ठेवा.

कोमलरिषभ
मंडळी, जमलं! म्हणजे मधल्या सप्तकात तरी. गुणोत्तर १.४० वरून १.४१, १.४२ असं सरकवताना धातूची जात बदलत जाते, ते ऐकतच बसलो. दोन थर एकमेकांत कधी मिसळले ते कळत नाही. आता एकच खटकतंय: खालच्या पट्टीत घंटा अंधुक लागते, वरच्या पट्टीत कानाला टोचते, आणि सगळे स्वर सारख्याच वेळात विझतात. खऱ्या घंटा अशा नसतात ना?

विद्युल्लता
नसतात. छोटी घंटा लवकर विझते. डेक्स्डमध्ये प्रत्येक ऑपरेटरला रेट स्केलिंग आहे, ते वाढवा म्हणजे वरचे स्वर लवकर ओसरतील. टोचणं कमी करायला ऑपरेटर २ चं लेव्हल स्केलिंग असं ठेवा की मधल्या सा च्या वर त्याची पातळी उतरत जाईल. शून्यकंप म्हणाले ते अलायझिंगही त्याने आटोक्यात येईल. खाली उलट करा, थोडी चढू द्या.

पखवाजी
आणि वेलॉसिटी (कळ किती जोरात दाबली ते) जोडा बुवा! ऑपरेटर २ ची संवेदनशीलता चारच्या आसपास, १ ची दोन. जोरात दाबलं की नुसता मोठा नाही, जास्त उजळ आवाज यायला हवा.

कोमलरिषभ
हे तिन्ही करून ध्वनिमुद्रण टाकतो. तिरकीट, अल्गोरिदम ५ मधली दुसरी जोडी वापरून फक्त ठोक्याचा "टक्" घालता येईल का?

तिरकीट
येईल. ऑपरेटर ४ ला मोठं, पूर्णांकात न बसणारं गुणोत्तर द्या, ७ च्या आसपास सुरुवात करा. ३ आणि ४ दोघांचा डीके अगदी आखूड ठेवा आणि ३ ची पातळी १ पेक्षा बरीच खाली. "टक्" स्वतंत्र ऐकू यायला लागला की तो जास्त झाला असं समजा.